नलूताईंचा पोपटी ड्रेस

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही हो. जबलपूरला मनोरुग्ण बायकांच्या वॉर्डात समाजसेविकेची नोकरी करा, आपोआप साचतात. मी महाराजपूरहून स्कूटीवर येते. काही आठवून रस्त्यातच हसू येतं, उरलेले घरी सांगवत नाहीत.

मनोरुग्णांच्या हक्कांचा नवा कायदा आला आणि वॉर्डाचं कुलूप निघालं. मी ऐटीत दार सताड उघडलं. एकही बाई बाहेर येईना! शेवटी आमच्या अटेंडंट रामदीनभैयांनी खिशातली किल्ली काढून वाजवली, तेव्हा सगळ्या रांगेनं अंगणात आल्या. भैया ती किल्ली अजून बाळगतात.

मग आला फोनचा हक्क. गोहलपूरच्या चाची रोज मुलाला फोन लावायच्या, तो रोज उचलायचा नाही. मी कायदा समजावायला गेले, तर म्हणाल्या, "बेटी, लगाने का हक हमारा. उठाने का किसका?" हे ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नव्हतं!

नलूताई आमच्याकडे सगळ्यात जुन्या. कॉलेजात असताना आल्या, आता केस पांढरे. कधीच्याच बऱ्या झाल्यात, फक्त घरचं कुणी न्यायला येत नाही. नव्या फॉर्मसाठी मी विचारलं, "गरज पडली तर तुमच्या वतीनं निर्णय कोण घेईल?"

"दादा."

"काहून? इतक्या वर्षांत एकदा तरी आले का ते?"

"मला इथं आणायचा निर्णय त्यानंच तर घेतला होता."

मी फॉर्मवर दादांचं नाव लिहिलं.

कायद्यानं स्वतःचे कपडे घालायचीही मुभा दिली. स्टोअरमधून नलूताईंचं गाठोडं निघालं. आत आईनं शिवलेला पोपटी ड्रेस! तो आता खांद्यांच्या खालीच उतरेना.

मी सिहोऱ्याला दादांना फोनवर फोन केले. शेवटी ते यायला तयार झाले. त्या दिवशी नलूताई सकाळपासून ड्रेस छातीशी धरून बसल्या.

"ठेवा ना तो गाठोड्यात."

"असं कसं! दादा येऊन राहिला ना, मॅडम. मग मला ओळखणार कसा?"

दादा आले. म्हातारे, थकलेले. ड्रेस पाहिला आणि ढसाढसा रडले. माझेही डोळे भरून आले. वाटलं, जमलं! नलूताईंची पिशवी आणायला मी आत धावले.

परत आले तर बाकावर त्या एकट्याच. हात रिकामे.

"दादा कुठायत?"

"त्याची बस होती ना. ड्रेस घेऊन गेला. म्हणाला, आईची तेवढीच आठवण उरली."