दोन क्लचची गाडी

सरांनी बावीस वर्षांत शेकडो लोकांना गाडी शिकवली आणि त्यातल्या प्रत्येकाला, तुम्हाला हे जन्मात जमणार नाही, असंही ऐकवलं. बायकोला तर त्यांनी तीनच दिवसांत निकालात काढलं. "तुझा तो पिंडच नाही," म्हणत तिच्या हातातली किल्ली काढून घेतली आणि पुढे हा किस्सा गल्लीभर हसून हसून सांगितला. समोरचा न्हावी अजून विचारायचा, "काय वहिनी, कधी चालवताय गाडी?"

बायको, आई आणि मुलीला घेऊन सहलीला ते क्लासच्याच गाडीने निघाले होते. शिकवायच्या गाडीत डाव्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो, म्हणजे सरांना शिष्याची चूक जागच्या जागी दाबता येते. आठ दिवस बायको त्या पेडलना धक्का लागू नये म्हणून पाय आखडून बसली होती.

शेवटच्या दिवशी सकाळी, घर सव्वाचारशे किलोमीटरवर असताना, सर लॉजच्या रखवालदाराला गाडी मागे कशी घ्यायची ते समजावत उलटे चालत गेले आणि पायरीवरून पडले. डावा घोटा टम्म सुजला. क्लचचा पाय गेला.

"पायरीच चुकीच्या जागी बांधलीय," सर म्हणाले. पडले तरी नाक वर.

सासूबाईंनी ड्रायव्हर शोधायची गोष्ट काढली, तेव्हा बायकोने पर्समधून लायसन्स काढलं. सरांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"हे कुठून आणलंस?"

"परीक्षा देऊन."

चार वर्षं झाली होती. बहिणीच्या गावातल्या एका बाईंनी तिला शिकवलं होतं, न ओरडता. तेव्हापासून दर महिन्याला ती बहिणीला भेटायला जायची आणि तिची गाडी दिवसभर हाणायची. आता तिला एकच हवं होतं. आपल्या हाताने गाडी गल्लीत न्यायची, न्हाव्याच्या दुकानासमोरून, सगळ्यांच्या देखत.

सर शेजारी बसले आणि त्यांचं तोंड सुरू झालं. आरसा बघ. तिसरा टाक. हॉर्न कशाला? ती शांतपणे नव्वदने चालली होती, आणि तेच त्यांना सोसवेना. एका टँकरला ओलांडताना त्यांनी चांगल्या पायाने आपला ब्रेक दाबला. मागचा ट्रक कर्कश्श हॉर्न देत इतक्या जवळून गेला की मागच्या सीटवरची मुलगी रडायलाच लागली. बायकोने गाडी कडेला घेतली.

"मागे बसा."

"अगं, मी होतो म्हणून..."

"अहो, मागे बसा. आई, तुम्ही पुढे या. तुमचे पाय पोचत नाहीत."

मग तीनशे किलोमीटर गाडी सुरेख चालली. सासूबाई घोरल्या, मुलगी हसली. सर आपला घोटा मांडीवर घेऊन बसले, आणि आरशात त्यांचं ते लोंबलेलं तोंड पाहून बायकोला दया आली नाही. या माणसाला आपण बावीस वर्षं घाबरलो, याची तिला लाज वाटली.

संध्याकाळी गल्ली एका वळणावर राहिली तेव्हा सर हळूच म्हणाले, "इथून मला दे. उद्या नऊला नवीन बॅच आहे. लोक काय म्हणतील?"

"आणि क्लच?"

"तू दाब ना, तुझ्या बाजूने. मी सांगतो तसं. उतरल्यावर मी स्वतः सगळ्यांना सांगेन, गाडी हिने आणली म्हणून. शब्द देतो."

बावीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच काही मागितलं होतं. जागा बदलल्या; बायको डावीकडे आली, सासूबाई मागे गेल्या. बायकोने या वेळी पाय आखडले नाहीत. सर "दाब" म्हणाले की ती दाबायची, "सोड" म्हणाले की सोडायची. वरून सर एका हाताने स्टिअरिंग फिरवत होते, कोपर खिडकीबाहेर, जणू राज्य जिंकून आलेत. न्हाव्याच्या दुकानासमोर ते मुद्दाम थांबले. इंजिन सुरू, गियर पहिला, क्लच बायकोच्या पायाखाली.

न्हावी कात्री घेऊन दारात आला. "आलात का सर? एवढं अंतर एकट्यानेच?"

बायको सरांकडे बघत राहिली. सरांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"मग काय," ते म्हणाले. "हिच्या भरवशावर बसलो असतो तर अजून तिकडेच असतो."

न्हावी हसला. खुर्चीतलं गिऱ्हाईकही साबण लावलेल्या तोंडाने हसलं.

सर पुटपुटले, "हळूच सोड."

तिने पाय झटकन उचलला. गाडीने बेडकासारखी उडी मारली, सरांची छाती स्टिअरिंगवर आदळली आणि इंजिन बंद पडलं. या न्हाव्याने याच गाडीत महिनाभर याच चुकीसाठी सरांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

"सर," तो अदबीने म्हणाला, "क्लच."

बायकोने दार उघडलं आणि पिशव्या घेऊन ती घराकडे चालू लागली.