टोपलीखालचं पाऊल

खालापूरच्या ठाण्यातले हवालदार चोरालाही अहो-जाहो करत. चोराचा माग हद्दीच्या दगडापाशी पोचला की शेवटच्या पावलावर टोपली पालथी घालून ते तंबाखू मळत बसत. पलीकडच्या संस्थानाचा शिपाई आला की टोपली उचलायची आणि पुढचा माग त्याच्या हवाली करायचा, अशी रीत होती.

आमचा बैल चोरीला गेला, तेव्हा एरवी अनवाणी फिरणारा तो शिपाई वहाणा घालून आला. हवालदारांनी टोपली उचलली. मातीत चारच बोटांचं पाऊल होतं.

"वहाणा नव्या दिसतात," हवालदार मायेनं म्हणाले. "चावत असतील. काढून बसा की."

"नको, बरं हाय," म्हणत शिपाई घाईनं माग काढायला गेला.

सकाळी बैल आमच्या दारात बांधलेला होता. हवालदारांनी साहेबांना कळवलं, "संस्थानानं फार तत्परतेनं मदत केली."