रॉकेटचं माप

नामदेवराव फोनवर कधी प्रस्तावना करत नाहीत. त्या सकाळी अकोल्याच्या घरी मी गालाला साबण लावून आरशासमोर उभा होतो. फोन उचलला तर पलीकडून एवढंच, "सर, मास्टर गेले." आणि लगेच, "राकेट कोनाकडं हाय? तुमच्याकडं का त्याच्याकडं?" दुसऱ्या कुणी असं विचारलं असतं तर मी फोन आपटला असता. पण रशीद मास्टरांच्या मृत्यूची बातमी देताना हाच प्रश्न विचारायला हवा होता, आणि तो विचारण्याचा हक्क नामदेवरावांनाच होता. मी म्हटलं, "त्यांच्याकडं." आणि अर्ध्या दाढीनिशी चांदूर बाजारची बस पकडली.

मातीला चार-पाचशे माणसं होती. निम्म्यांच्या अंगात मास्टरांनी शिवलेले कपडे. बाजार चौकातल्या आठ बाय दहाच्या दुकानात या माणसानं चाळीस वर्षं मशीन चालवलं, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच तारीख दिली. कापड सोमवारी टाका, गुरुवारी टाका, मास्टर गळ्यातला टेप सरळ करत म्हणायचे, "इतवारले घेऊन जा." इतवारी काहीही तयार नसायचं. माणूस चिडून यायचा आणि चहा पिऊन, पुढचा इतवार घेऊन परत जायचा. कब्रस्तानात उभा असताना मला त्यांचंच एक वाक्य आठवलं आणि तोंडावर रुमाल धरावा लागला. लोकांना वाटलं, सर रडताहेत. मास्टर एकदा म्हणाले होते, "सर, कफनाले शिलाई नसते. आयुष्यात एकच कपडा असा की त्याले टेलर लागत नाही, आन् तोच टायमावर तयार असतो."

परत निघताना त्यांची मुलगी नाझनीन दारापर्यंत आली. वरुडला दिली आहे, आईजवळ राहायला आली होती. तिच्या हातात एक पत्र्याचा डबा आणि लाल कापडी पुठ्ठ्याची वही होती. "हे राकेटचं सामान. अब्बा म्हनत, सरांचं आहे," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "सर, अम्मी काही बोलूनच नाही राहिली. दोन घास खाते अन् भिंतीकडं तोंड करून बसते." जमीला भाभींची इद्दत सुरू झाली होती. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईनं घरातच राहायचं, आणि परक्या पुरुषानं समोर जाऊन बसायचं नाही. मी पडलो बोलका प्राणी. तालुक्यातल्या कबड्डीपासून निरोप समारंभापर्यंत प्रत्येक माइकला माझं तोंड लागलेलं. आणि जिथं दोन शब्द बोलायला हवे होते, तिथं मला आत जाता येत नव्हतं. अकोल्याच्या बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसलो आणि उघडला.

हे रॉकेट प्रकरण काय, ते सांगायला हवं. वीस वर्षांपूर्वी मी चांदूर बाजारच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होतो. विज्ञान प्रदर्शनासाठी म्हणून हौसेनं एक किट मागवलं होतं. हातभर लांबीची पुठ्ठ्याची नळी, प्लास्टिकचं टोक, हलक्या लाकडाचे तीन पंख, अंगठ्याएवढी इंजिनं, रॉकेट सावकाश खाली उतरवणारी प्लास्टिकची छत्री, आणि उडवायला एक लोखंडी काडी, वायर नि बटण. प्रदर्शन झालंच नाही. मी पंख चिकटवायला बसलो आणि तिन्ही तीन दिशांना चिकटवले. ते घेऊन मास्टरांकडे गेलो, कारण गावात सरळ रेघ मारणारा तोच एक माणूस मला माहीत होता. त्यांनी नळी हातात फिरवली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "सर, याची बाही उलटी लावली तुमी." पंख उसवले, खडूनं नळीवर तीन रेघा आखल्या, घेराला टेप लावला आणि वहीत माप लिहिलं. मी विचारलं, "वहीत कशाला?" तर म्हणाले, "गिऱ्हाईक पुन्हा येते."

पहिल्या उड्डाणाची कहाणी मी आजवर शंभरदा रंगवून सांगितली आहे, आज थोडक्यात सांगतो. छत्री जळू नये म्हणून इंजिन आणि छत्री यांच्यामध्ये न पेटणारा कागद भरायचा, असं माहितीपत्रकात होतं. तो कागद किटबरोबर आलाच नव्हता. आता वऱ्हाडात, ऐन वेचणीच्या दिवसांत, नळीत काहीतरी मऊ भरायचं म्हटल्यावर माणूस काय भरेल? आम्ही कापूस भरला. मी आणि मास्टर, एक भौतिकशास्त्राचा अध्यापक आणि एक चाळीस मापं तोंडपाठ असलेला माणूस, दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की कापूस पेटतो. पूर्णेकाठच्या पडीक जागेत मी छाती फुगवून दहापासून उलटे आकडे म्हटले, बटण दाबलं, रॉकेट सुर्रकन वर गेलं, वर जाऊन फट् झालं, आणि शेपटीला पेटता कापूस लावून, वितळलेली छत्री ओढत, मारुतीसारखं खाली आलं. मास्टर कमरेवर हात ठेवून पाहत होते. "दिवाळी झाली," म्हणाले. "आता छत्री मी शिवतो."

त्यांनी शिवलेली पहिली छत्री भाभींच्या ईदच्या ओढणीची होती. फिकी गुलाबी, फुंकरीनं उडावी अशी. भाभींना न विचारता कोपरा कापलेला. भाभी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काज-बटन आणि तुरपाईचं काम करत, त्यामुळे चोरी संध्याकाळच्या आतच पकडली गेली. चार दिवस त्या मास्टरांशी बोलल्या नाहीत. रॉकेटला त्यांनी नाव ठेवलं, सौतन. पाचव्या दिवशी छत्री उचलली, काठ पाहिला, आणि माझ्यादेखत म्हणाल्या, "चोरी की सो की, तुरपाई तो ढंग की करते." आणि सगळा काठ उसवून स्वतः नव्यानं घातला, इतका बारीक की टाका बोटाला लागत नव्हता. पुढं अस्तराच्या कापडाच्या आणखी दोन झाल्या, एक मधली, एक लहान. मला वाटायचं, मास्टरांची ही नटवी हौस आहे, दर इतवारी रॉकेटला वेगळा पोशाख.

दर इतवारी सकाळी आम्ही जात असू. आज या पांदणीनं, उद्या त्या. जागा मास्टर ठरवत, काडी तेच रोवत. रॉकेट उडायचं सात-आठ सेकंद, आणि सापडायला लागायचे दोन तास. ते कधी सरळ पायाशी आलं नाही. कुणाच्या तुरीत, कुणाच्या गोठ्यावर, कुणाच्या अंगणात. मी चिडायचो. मास्टर मात्र चपला हातात घेऊन, काळ्या रानातून, सासरी निघाल्यासारखे आनंदानं चालायचे.

ती वर्षं कशी होती, ते इकडच्या माणसाला सांगायला नको. कर्जापायी माणूस गेलेल्या एखाद्या घराचं दार गावोगाव लोटलेलं असायचं. त्या दारावर सरकारी मदतीचे फॉर्म घेऊन माणसं येत, कॅमेरे घेऊन येत, सांत्वनाचे शब्द घेऊन येत. शेवटी घरातली माणसं येणाऱ्याकडे पाठ करून बसायला लागली. नामदेवरावांचा धाकटा भाऊ त्याच वर्षी गेला होता. कसा गेला, हे कुणी विचारत नव्हतं, आणि फॉर्मवाले मात्र तेवढंच विचारत होते. एका इतवारी आमचं रॉकेट नामदेवरावांच्या तुरीत पडलं. आम्ही धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पोचलो तेव्हा एक उंच, हाडकुळा माणूस ते हातात धरून उभा होता.

"हे काय होय?"

"राकेट होय, भाऊ. वाऱ्यानं आलं," मास्टर म्हणाले.

"बाँब त नोहे?"

"बाँब असता त मी त्याले तुरपाई केली असती काय?"

नामदेवरावांनी छत्रीचा काठ बोटानं चाचपला आणि माझ्याकडे पाहिलं. "कोनत्या खात्याचे तुमी?"

"खातंगितं नाही. मी तुमचा जुना टेलर, हे मास्तर."

"फारम?"

"फारम नाही, फोटू नाही. राकेट द्या, आमी चाललो."

नामदेवराव रॉकेट देईनात. उलटसुलट करून पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "किती वर जाते हे?" मी लगेच माझं भाषण सुरू केलं, इंजिन, दाब, उंची. दहा मिनिटं. त्यांच्या म्हाताऱ्या आईनं शेतातल्या घराच्या दारातून पाहिलं की आपला मुलगा परक्या माणसांशी बोलून राहिला आहे, आणि तिनं न सांगता चहा टाकला. निघताना मास्टर एवढंच म्हणाले, "ही बंडी लय ढिली झाली तुम्हाले. मापाले या." आणि इतवारी नाही, मधल्याच वारी नामदेवराव दुकानात आले. मला वाटलं, माझ्या भाषणाचा परिणाम.

आता डबा. त्यात रॉकेट होतं, तीन छत्र्या होत्या, उरलेली इंजिनं होती, डांबराच्या गोळ्या होत्या. मग वही उघडली. छाती, कंबर, बाही, शेकडो नावं. मध्येच कुठं बारीक अक्षरात, "दोन पोळे झाले, आला नाही." किंवा, "कंबर तीन इंच कमी." टेलरला माणूस खंगल्याचं घरच्यांच्या आधी कळतं, कारण त्याच्याकडे जुना आकडा असतो. आणि अशा प्रत्येक नावाखाली एक ओळ. "नामदेव. वारा नदीकडून. मधली छत्री. काडी दोन बोटं कलती." ती ओळ खोडलेली, पुढं लिहिलेलं, "शेजाऱ्याच्या हरभऱ्यात." दुसरी ओळ, तीही खोडलेली, "बैलाजवळ." तिसरी, "लहान छत्री," आणि पुढं बरोबरची खूण.

बस आसेगावला थांबली तरी मी त्याच पानावर होतो. इतकी वर्षं मी छाती फुगवून आकडे म्हणत होतो आणि हा माणूस शेजारी उभा राहून शांतपणे नेम धरत होता. तिथूनच नामदेवरावांना फोन लावला. म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"नसंन त काय. गोठ्यातून पाहून राहिलो होतो ना मी. पहिल्या इतवारी पलीकडं पडलं, दुसऱ्या इतवारी बैल बिचकला. मनात म्हनलं, या मानसाचं माह्याशी काही काम हाय. तिसऱ्यांदा पडलं त म्हनलं, आता जाऊन उचला लागते. किती मेहनत करून राहिला बिचारा."

"मला का नाही सांगितलं?"

"तुमी बोलून राहिले होते, सर."

वहीची पानं उलटता उलटता माझंही नाव सापडलं. मी विसरलो होतो असं नाही, पण आठवायला आवडत नव्हतं. माझ्या स्वरयंत्रावर गाठ आली होती, अमरावतीला ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी तीन महिने एक शब्द बोलायचा नाही असं सांगितलं. आवाज परत येईल का, यावर ते नुसतं हसले. मी दार लावून घेतलं. गावभर बोलत फिरणारा माणूस हातवारे करत फिरताना लोकांना दिसू नये म्हणून बायकोला सांगितलं, कुणी आलं तर झोपलोय म्हण. एका सकाळी गच्चीवर खडखड वाजलं. वर गेलो तर रॉकेट. मागोमाग मास्टर जिन्यात, धापा टाकत. काही विचारलं नाही. "वाऱ्यानं आलं," म्हणाले, आणि मला स्कूटरवर घालून नदीवर नेलं. त्या दिवशी मी बोटांवर उलटे आकडे मोजले. वहीत माझ्या नावाखाली दोन ओळी खोडलेल्या आहेत. एकीपुढं, "निंबावर." दुसरीपुढं, "शेजारच्या बाईच्या पापडावर. लय बोलली." मला फक्त तिसरी खेप माहीत होती.

मग पुढं काय करायचं, ते वहीनंच सांगितलं. तीन आठवड्यांनी इतवारी मी आणि नामदेवराव मास्टरांच्या घरामागच्या मोकळ्या मैदानात काडी रोवून उभे होतो. नामदेवराव म्हणत होते, लहान छत्री लावा, मोठी वाहून जाईन. पण मला ओढणीचीच लावायची होती. पहिल्या इतवारी ती शाळेच्या आवारात गेली. दुसऱ्या इतवारी पानठेल्याच्या टपावर. मी वहीत दोन ओळी लिहिल्या आणि खोडल्या. नामदेवरावांनी तोंडावर सांगितलं, "मास्टर नुसत्या डोयानं वारा मोजे. तुमी तोंडानं मोजता."

तिसऱ्या इतवारी आम्ही पार मैदानाच्या टोकाला गेलो. मी तोंड बंद ठेवलं, आकडे बोटांवर मोजले. गुलाबी छत्री उघडली, डुलत डुलत आली, आणि मास्टरांच्या अंगणातल्या पत्र्यावर ठण्ण झालं. मी चपला हातात घेऊन दाराशी गेलो. पडदा सारून नाझनीन बाहेर आली. हातात नुसतं रॉकेट, छत्री नाही, दोरा कापलेला.

"सर, अम्मी छत्री देत नाही."

पडद्यामागून आवाज आला, बसलेला, बऱ्याच दिवसांनी वापरलेला. "सर से बोल, ओढनी मेरी है. अब मैं रखती."

मी म्हटलं, "ठेवा, भाभी. तुमचीच आहे. रॉकेट मी असंच नेतो."

"ऐसा नंगा ले जाते क्या? गिरेगा, टूटेगा." मग, "दूसरी सी देती मैं. नाप छोड़ के जाओ."

नाझनीन तोंडावर हात ठेवून भिंतीला टेकली. दुकानातला टेप तिनंच आणून दिला. उंबऱ्यावर बसून मी नळीच्या घेराला टेप लावला, आणि वहीत मास्टरांच्या जुन्या आकड्याखाली माझ्या अक्षरात तोच आकडा पुन्हा लिहिला. मग सवयीनं, चाळीस वर्षं मास्टरांच्या दुकानात जे प्रत्येकानं विचारलं, तेच माझ्या तोंडून निघालं. "कधी मिळेल, भाभी?"

"इतवार को ले जाना," आतून उत्तर आलं.

येत्या इतवारी मी जाणार आहे. तयार नसणार, हे मला माहीत आहे.