परत न केलेली पाटी

हिंजवडीतून सकाळी निघाले तेव्हा कंपन्यांच्या गाड्यांची रांग समोरून येत होती आणि मी उलट्या दिशेला, कोळवणकडे निघाले होते. पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली दगडी पाटी होती. जात पडताळणीसाठी कॉलेजने वडिलांच्या शाळेचा पुरावा मागितला होता. सोमवारपर्यंत दिला नाही तर माझा प्रवेश रद्द होणार होता. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

माझे वडील, आबा, एका रहिवासी टॉवरवर वॉचमन आहेत. ते यायला तयार नव्हते.

"पाटी परत दिल्याबिगर शाळा सोडल्याचा दाखला देत नव्हत्या मिशनच्या सिस्टर. मी पाटी घिऊनच कोळशाच्या भट्टीवर गेलो, आईबापासंगं. आता कुठल्या तोंडानं मागू? आदी ही दे, मग इचार."

पौडहून जीप मिळाली. चौघांच्या जागेत सहा जण. मी पाटी मांडीवर घट्ट धरली होती.

"अंडी हायेत का गं?" शेजारच्या मावशींनी विचारलं.

"पाटी आहे. मिशनच्या शाळेची."

"बाईंच्या शाळेची व्हय? आमची समदी तितंच शिकली. पर येवढी जपून कुणी न्हाई ठिवली."

फाट्यावर उतरून चालत गेले. भात कापून झालेली खाचरं, मधेच शहरातल्या लोकांच्या फार्महाऊसची मोठी फाटकं. मग एक छोटं चॅपेल आणि त्याला लागून कौलारू दगडी शाळा. कुठेही देणगीदाराच्या नावाची फरशी दिसली नाही. ऑफिसात फक्त चष्मा लावलेल्या एका बाईंचा फोटो होता.

"या कोण?" मी घाबरतच विचारलं.

"आमच्या बाई," म्हाताऱ्या सिस्टर म्हणाल्या. "पुण्यातल्या कॅथलिक घरातल्या. नवरा गेल्यावर बंगला विकला आणि ही शाळा बांधली. अटी तीनच. फी घ्यायची नाही. प्रवेश देताना धर्म बघायचा नाही. तिसरी सांगते, आधी जेव."

मुलांच्या पंगतीत बसून भात आणि वालाची आमटी खाल्ली. आमटी तिखट होती, पण दुसऱ्यांदा मागून घेतली.

जेवणानंतर सिस्टरांनी जुनं रजिस्टर काढलं. नाव सापडायला बराच वेळ लागला. आबांचं नाव, जन्मतारीख, जात, सगळं होतं. मी शेवटचा रकाना बघायला घाबरत होते. तिथे 'नाव कमी केले' असं असणार, असं मला वाटत होतं. तिथे लिहिलं होतं, 'भट्टीवर गेला. परत येईल.'

"ही तिसरी अट," सिस्टर म्हणाल्या. "पोटासाठी घरच्यांबरोबर गेलेल्या मुलाचं नाव कापायचं नाही."

त्यांनी रजिस्टरचा उतारा लिहून शिक्का मारला. मी पाटी पुढे केली. त्यांनी ती पदराने पुसली आणि परत माझ्या हातात दिली. "ज्याची आहे त्यानं येऊन द्यायची असते."

परतीच्या वाटेवर त्या बाईंचाच विचार करत होते. न पाहिलेल्या मुलांची वाट बघायची सोय कुणी अशी लिहून ठेवतं, हे मला माहीतच नव्हतं.

संध्याकाळी आबा टॉवरच्या फाटकापाशी खुर्चीवर बसले होते. त्यांनी उताऱ्यावर बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. शेवटच्या रकान्यापाशी बोट थांबलं.

"म्हंजी मी अजून गैरहजरच हाय व्हय?"

मी होकाराची मान हलवली. त्यांनी पाटी मांडीवर घेतली.

"बुधवारी माझी सुट्टी असती," ते म्हणाले. "शाळा किती वाजता भरती, इचारलं का न्हाई?"