पाचव्या पायाचा काटा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कॉलेजात तर नाहीच. तुम्हाला सांगतो — पण आधी माझी बढाई ऐकून घ्या, कारण ती खरी आहे.

साखरखेर्ड्याच्या एका विहिरीत, तळाच्या झऱ्यात, कोळंबी-खेकड्यांच्या कुळातला एक जीव राहतो. तांदळाच्या कणीहून लहान, पांढराफटक, डोळेच नाहीत. जगात कुणाला ठाऊक नव्हता — मी शोधला, चिखलीच्या कॉलेजातल्या जुनाट सूक्ष्मदर्शकावर. त्याच्या शास्त्रीय नावात मी गावाचं नाव घातलं. गावानं चौकात माझा फ्लेक्स लावला. छाती फुगली होती, आजही फुगते. का फुगू नये?

पण असल्या इवल्या जिवांत जात ओळखतात ती नराच्या पाचव्या पायांवरून. आणि माझ्या जाळीत नर आला एकच. सुईनं पाय सोडवताना — हात बरा आहे माझा, सगळे म्हणतात — त्या दोन्ही पायांची टोकं तुटली. कुठं गेली, सापडलीच नाहीत.

अशा वेळी चित्रात तुटका पाय तुटकाच काढायचा आणि खाली लिहायचं, 'टोक तुटलेले'. एवढंच. पण माझ्या जातीचं पहिलंवहिलं चित्र, आणि तेही लंगडं? मला सोसेना. जवळच्या जातींच्या नरांना तिथं एक काटा असतो. मी तो काढला. न पाहता काढला. इतका देखणा उतरला, की अजूनही त्या रेघेवर माझा जीव आहे. पुढं तोच काटा या जातीची खूण ठरला.

यंदा माझी विद्यार्थिनी नाझिया त्याच विहिरीतले नर घेऊन बसली होती. म्हणाली, "सर, मले काटा दिसूनच नाही राह्यला. एकाही नराले नाही."

मी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. काटा नव्हता. टोक साफ गुळगुळीत होतं.

तेव्हा तरी तोंड उघडायचं ना? माझ्या आजवरच्या विद्यार्थ्यांत तिची नजर सगळ्यांत तेज — आणि मी तिला म्हणालो, "नीट पाह्य. घाई काऊन करून राह्यली?"

आठवडाभर ती वाकून बसली. डोळे चोळायची, पुन्हा बसायची. मग चित्र घेऊन आली.

"दिसला सर. माह्यीच नजर कच्ची होती."

तिच्या चित्रात काटा होता. माझ्या चित्रात आहे तिथंच, तसाच. मी तिला शाब्बास म्हणालो आणि खाली सही केली.