योद्ध्याच्या कपाळावरचे कुंकू

श्री. दिवाकर सोहोनी यांची आणि आमची पहिली भेट श्रूजबरीतल्या त्यांच्या घराच्या तळघरात झाली. परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाचा सत्यनारायण त्या वर्षी त्यांच्याकडे होता. कोट ठेवायला खाली गेलेली माझी पत्नी वासंती बराच वेळ वर आली नाही, म्हणून मी प्रसादाची वाटी हातात घेऊनच तिला शोधायला गेलो. ती एका चित्रासमोर उभी होती. चित्रात एक जपानी योद्धा होडीएवढ्या माशाशी झुंजत होता. शेजारी उभ्या असलेल्या दिवाकररावांनी माझ्याकडे पाहून पहिले वाक्य उच्चारले ते असे: "ती तुपाची वाटी आधी वर ठेवून या. मग बोलू."

आज ते पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांच्या ओळखीच्या बहुतेकांनी हे वाक्य ऐकलेले असेल.

दिवाकररावांनी नोकरी केली ती शेजारच्या वूस्टर शहरात, यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. जपानी योद्ध्यांच्या छापचित्रांकडे ते वळले ते इंजिनिअर म्हणूनच. अशा चित्रात प्रत्येक रंगासाठी लाकडाचा वेगळा ठसा कोरतात आणि एकच कागद त्या सगळ्यांवरून जातो. "दहा-बारा ठसे, आणि तलवारीची धार केसभरही हलत नाही. आमच्या कारखान्यात अशी माणसं असती तर मी लवकर रिटायर झालो असतो," असे ते म्हणत. निवृत्तीनंतर ते जुनी, फाटलेली छापचित्रे दुरुस्त करायला शिकले. कुमुदताई, म्हणजे सौ. सोहोनी, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आमच्या घरात देव पाच आणि तलवारवाले साठ."

त्यांचा एक नियम मला विशेष वाटतो. चित्राचा जो भाग किडीने खाल्ला आहे, तो ते पुन्हा रंगवत नाहीत. मागून पातळ कागद आणि गव्हाची खळ लावून उरलेले धरून ठेवतात. एकदा रविवारच्या मराठी शाळेतली मुले बघायला आली होती. नाक नसलेला एक योद्धा पाहून एक मुलगी म्हणाली, "काका, जस्ट ड्रॉ इट ना! नाकच तर आहे."

"माझ्या मनाने काढलं तर ते माझं नाक होईल, त्याचं नाही," दिवाकरराव म्हणाले.

"बट तुमचं नाक छान आहे."

त्या दिवशी मुलांना कुमुदताईंकडून चकल्या मिळाल्या, अर्थात वरच्या मजल्यावर.

वासंतीने पुढे एका जुन्या सामानाच्या विक्रीत असेच एक योद्ध्याचे चित्र विकत घेतले. दसऱ्याला आमच्याकडे पूजेला शस्त्र म्हणून विळी, स्क्रू-ड्रायव्हर आणि लॅपटॉप असायचा. त्या वर्षी तिने योद्ध्यालाही पाटावर बसवले. काचेला कुंकू लावून काय उपयोग, असे म्हणून तिने चित्र फ्रेममधून बाहेर काढले आणि ओले कुंकू थेट त्याच्या कपाळाला लावले. पाहता पाहता लाल रंग भुवईपर्यंत ओघळला, आणि पुसायला गेल्यावर त्याच्या डोक्याच्या पट्टीचा निळा रंगही उतरला.

दुसऱ्या दिवशी ती रडतच सोहोनींकडे गेली. दिवाकरराव तिला रागावतील अशी मला खात्री होती. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिले आणि ते म्हणाले, "वहिनी, एवढ्या वर्षांत याला पहिल्यांदाच कुणी ओवाळलं असेल. डाग मी काढून देतो. शब्द देतो तुम्हाला."

त्यानंतर थोड्याच दिवसांत वासंतीचा आजार कळला. मला रजा मिळत नसे त्या दिवशी दिवाकरराव तिला हॉस्पिटलमध्ये घेऊन जात. गाडीत ती विचारायची, "भाऊजी, डाग निघेल ना हो? मला मेलीला कुठून बुद्धी झाली!" ते म्हणायचे, "निघेल." चित्राचे काम मात्र मागेच राहिले, कारण त्यांचा वेळ आमच्यासाठी जात होता. वासंती फेब्रुवारीत गेली.

महिनाभराने मी चित्र परत आणायला गेलो. त्या डागाच्या वरच्या टोकाला वासंतीच्या अनामिकेच्या रेषा उमटलेल्या होत्या. तिच्या हाताची खूण अशी माझ्याकडे दुसरी नव्हती.

"तसंच द्या," मी म्हणालो. "काढू नका."

"नाही देता येणार."

"चित्र माझं आहे, दिवाकरराव."

"चित्र तुमचं आहे. शब्द वहिनींना दिलाय. त्यांनी मला त्यातून सोडवलं नाही." मग त्यांनी खुर्ची पुढे केली. "आणि ऐका. या कुंकवात चुना आहे. तो कागद खातोय. ठेवलं तर काही वर्षांनी कुंकूही राहणार नाही आणि कपाळही."

मी बसलो नाही. कुमुदताईंनी आणलेला चहाही घेतला नाही. पुढचे पाच महिने मी त्यांना फोन केला नाही. माझी मुलगी रेवा दूर रेडमंडला असते. ती फोनवर म्हणाली, "बाबा, त्यांनी आईला प्रॉमिस केलं होतं. यू कान्ट बी मॅड फॉर दॅट."

ऑगस्टमध्ये त्यांचाच फोन आला. "या. झालंय."

कपाळ स्वच्छ होते. निळ्या पट्टीचा उतरलेला रंग त्यांनी, अर्थातच, भरला नव्हता. दिवाकररावांच्या उजव्या हाताला कंप सुटला आहे हे मला तेव्हा प्रथम कळले. सकाळी हात जरा स्थिर असतो, म्हणून रोज तासभर, मनगट वाळूच्या पिशवीवर टेकवून, त्यांनी हे काम केले होते. ब्रशने अल्कोहोलचा एक थेंब सोडायचा, खाली टीपकागद, वर वजन. रंग थोडा खाली उतरला की नवा टीपकागद.

मग त्यांनी कपाटातून एक चपटा खोका काढला. त्यात ते सगळे टीपकागद होते, पेन्सिलीने क्रमांक घालून ठेवलेले. पहिल्यावर तांबूस-पिवळा गडद ठिपका, वरून गोल, बोटाच्या टोकासारखा. पुढे तो फिका होत गेलेला.

"वहिनींचं काम वहिनींसाठी केलं," ते म्हणाले. "हे तुमचं."

शेवटचा कागद पांढरा होता. "हा कोरा का ठेवलात?" मी विचारले.

"तो कोरा निघाला, तेव्हाच थांबलो."

मी कागद क्रमाने पुन्हा खोक्यात ठेवले. नंतर मी चहा मागितला. "दोन कप घ्यावे लागतील, मागचा एक राहिलाय," असे म्हणून जिन्यात उभ्या असलेल्या कुमुदताई वर गेल्या.

तेव्हापासून दर शनिवारी मी त्यांच्या तळघरात जातो. ओला कागद उचलायला चार हात लागतात. त्यातले दोन आता माझे असतात, आणि ते नीट धुतलेले आहेत की नाही हे अजूनही तपासले जाते. टेबलावर सध्या चार योद्धे आहेत. त्यातल्या एकाने मंदिराची घंटा खांद्यावर घेतली आहे आणि त्याचे दोन्ही पाय किडीने नेले आहेत. डॉक्टरांनी दिवाकररावांना विश्रांती सांगितली आहे. त्यांनी डॉक्टरांना या चौघांची नावे सांगितली.

दिवाकरराव, आपल्याला उदंड आयुष्य लाभो, नजर अशीच तीक्ष्ण राहो, कुमुदताईंची साथ आणि त्यांची थट्टा दोन्ही आपल्याला भरपूर मिळत राहोत. हे चौघे आपल्या हातून पुरे व्हावेत, आणि मग आणखी चार यावेत. हात थरथरला तर थरथरू दे. कागदाची दुसरी बाजू मी धरली आहे.