परत मागितलेलं सोनं

फीनिक्सला आल्यावर पहिली तीन वर्षं मी फक्त कोणाची तरी बायको आणि कोणाची तरी आई होते. डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. शाळेत पंधरा वर्षं चाळीस-चाळीस पोरांसमोर बोललेल्या बाईला श्रोता उरला होता एक, आणि तोही जेवताना लॅपटॉपकडे बघणारा.

म्हणून गावाबाहेरच्या वाळवंट-शिक्षण केंद्रात बिनपगारी गाइड व्हायचं ठरवलं. सहा आठवड्यांचे वर्ग झाले, मग परीक्षा आली. वीस माणसं आपणच जमवायची, त्यांना तासभर वाळवंट दाखवायचं, मागून परीक्षक चालणार. पास झालं की नावाची पट्टी मिळायची. पट्टीसाठी मी किती हपापले होते हे सांगायला लाज वाटते, पण सांगते. आरशासमोर उभं राहून मी ती लावायची जागा आधीच ठरवली होती. डाव्या खांद्याखाली, किंचित तिरकी.

वीस माणसं कुठून आणणार? इथल्या मराठी मंडळातली आणली. दिवस दसऱ्याचा. तारीख वेगळी होती, पण अमेरिकेत दसरा शनिवारीच येतो. फिरून झाल्यावर माझ्या घरी श्रीखंड-पुरी, असं आमिष दाखवल्यावर बावीस आले.

परीक्षक बाई सत्तरीच्या, उन्हाने सुकलेल्या, शब्द मोजून बोलणाऱ्या. त्यांच्याकडे बघून मला चेवच आला. सग्वारो निवडुंगासमोर मी त्याच्यासारखेच हात वर करून उभी राहिले. पालो व्हर्देचं झाड पाणी संपलं की पानं गाळून टाकतं आणि हिरव्या सालीवर दिवस काढतं, हे सांगताना माझा गळा दाटून आला. तो मी मुद्दाम दाटवला होता. मग आवाज खाली आणून म्हणाले, "इथे एकेक पान म्हणजे झाडाची आयुष्यभराची कमाई. म्हणून नियम एकच. काहीही तोडायचं नाही."

बाईंनी काहीतरी लिहिलं. मला पट्टी दिसायला लागली.

पुढच्या वळणावर एक झुडूप होतं. टेक्सासकडून आणून लावलेलं, पानं इवलीशी आणि जोडीजोडीने चिकटलेली. मी थबकले.

"अगं, हा तर आपटा," पुण्याच्या एक काकू म्हणाल्या.

"आपट्याचा चुलत भाऊ," मी म्हणाले. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण समोर बावीस मराठी माणसं, दिवस दसऱ्याचा, आणि हात माझा. पान तोडून मी काकूंच्या हातात ठेवलं आणि वाकून नमस्कार केला. "सोनं घ्या, सोन्यासारख्या राहा."

मग काय. मिनिटभरात झुडपाची एक बाजू बोडकी झाली. सगळे एकमेकांना सोनं देत होते, गळाभेटी चालल्या होत्या. माझी तेरा वर्षांची मुलगी तेवढी हात खिशात घालून उभी होती.

"आई, यू जस्ट सेड नो पिकिंग."

बाई शांतपणे पुढे आल्या. हे काय आहे, म्हणून विचारलं. मी सण समजावून सांगितला, बराच छान सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सुंदर आहे. आता सगळी पानं गोळा करा. झाडाखाली ठेवा. झाडाचं झाडाला मिळू दे."

दसऱ्याला दिलेलं सोनं दारोदार परत मागणारी मी बहुधा पहिलीच. नागपूरचे एक काका म्हणाले, "घ्या बाप्पा तुमचं सोनं. श्रीखंड तर कॅन्सल नाही ना केलं?"

काकूंनी मात्र पर्स घट्ट धरली. "दिलेलं सोनं परत मागतेस? काही रीत?"

"काकू, परीक्षा आहे हो माझी."

"मग तोडलंस कशाला?"

मी दुसऱ्यांदा वाकले आणि वाकल्यावाकल्याच हात पसरला. काकूंनी उसासा टाकून पान काढलं. "मास्तरीण ना तू? नापास होशील."

झालेच नापास. पार्किंगमध्ये बाईंनी कागद दिला. 'बोलणं उत्तम. हात आवरत नाहीत.' मंडळी गाड्यांमध्ये बसून श्रीखंडाची वाट बघत होती. गळा दाटून आला, आणि ह्या वेळी तो मी मुद्दाम दाटवला नव्हता.

पुढची परीक्षा कधी, म्हणून विचारलं. मार्चमध्ये, त्या म्हणाल्या. मी त्यांच्याच पेनने, गाडीच्या तापलेल्या बॉनेटवर कागद ठेवून नाव घातलं.

"माणसं कोणती आणणार?"

"हीच. दुसरी कुठून आणू?"

त्यांनी गाड्यांकडे पाहिलं. काकू काच खाली करून मला लवकर चल म्हणून खुणावत होत्या.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "मग त्या झुडपापाशी मी उभी राहीन."